गोड बोलून केसाने गळा कापणारे : सायकोपॅथ रोजच्या आयुष्यात मोहकपणामागे कसे लपतात?

६ एप्रिल १९८६. गोव्यात पर्वरीच्या 'ओ कोकेरो' रेस्टॉरंटमध्ये मुंबई पोलिसांचं एक पथक साध्या कपड्यात बसलं होतं. प्रमुख होते इन्स्पेक्टर मधुकर झेंडे. ते ज्याची वाट पाहत होते, तो तीन आठवड्यांपूर्वी दिल्लीच्या तिहार तुरुंगातून पळाला होता. तेही भिंत फोडून किंवा गोळीबार करून नाही, तर पहारेकऱ्यांना वाढदिवसाची मिठाई खाऊ घालून. मिठाईत गुंगीचं औषध होतं.

त्याचं नाव चार्ल्स शोभराज. झेंडेंनी त्याला १९७१ साली मुंबईतही पकडलं होतं, त्यामुळे चेहरा ओळखीचा होता. त्या संध्याकाळी शोभराज रेस्टॉरंटमध्ये आला आणि पुन्हा एकदा झेंडेंच्या हाती लागला. योगायोग असा की त्या दिवशी त्याचा खरोखरच वाढदिवस होता.

ही गोष्ट आता बहुतेकांना माहीत आहे. २०२१ मध्ये 'द सर्पंट' ही मालिका आली. २०२५ मध्ये चिन्मय मांडलेकर दिग्दर्शित 'इन्स्पेक्टर झेंडे' आला, त्यात मनोज बाजपेयीने झेंडेंची भूमिका केली. पण थरारक पाठलागाच्या या गोष्टीत एक प्रश्न मागे राहतो. शिकलेली, जग फिरलेली, सावध माणसं शोभराजवर विश्वास का ठेवत होती? त्याने दिलेलं औषध ते का पीत होते? तिहारचे पहारेकरी तर त्याचा इतिहास जाणून होते, मग त्यांनी ती मिठाई का खाल्ली?

उत्तर एका शब्दात द्यायचं तर, मोहकपणा. मानसशास्त्रात सायकोपथीची जी लक्षणं सांगितली जातात, त्यात हे लक्षण अगदी वरच्या क्रमांकावर आहे.

सायकोपॅथ म्हणजे नेमकं कोण?

आधी एक गोंधळ दूर करायला हवा. बोलताना आपण 'सायको', 'वेडा', 'मनोरुग्ण', 'विकृत' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात सायकोसिस आणि सायकोपथी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत.

सायकोसिसमध्ये माणसाचा वास्तवाशी संबंध सुटतो. नसलेले आवाज ऐकू येतात, कोणीतरी आपल्या मागावर आहे असं वाटतं. असा माणूस आजारी असतो, त्याला उपचारांची गरज असते आणि बहुतेक वेळा तो इतरांना त्रास देण्याऐवजी स्वतःच त्रासात असतो.

सायकोपॅथचं तसं नसतं. त्याला वास्तव व्यवस्थित कळतं. बरं काय, वाईट काय, कायदा काय म्हणतो, हे सगळं ठाऊक असतं. कमी असते ती दुसऱ्याच्या दुःखाने आतून हलण्याची क्षमता. अपराधीपणा, पश्चात्ताप, भीती या भावना त्याच्यात फार उथळ असतात. त्यामुळे दुसरा माणूस त्याच्यासाठी माणूस राहत नाही, वापरायची वस्तू होतो.

ही कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच डॉक्टर फिलिप पिनेल यांनी 'भ्रम नसलेलं वेड' अशा अर्थाची संज्ञा वापरली होती. बुद्धी शाबूत, पण वागणं मात्र बेदरकार, अशी माणसं त्यांना दिसली होती. आजच्या अर्थाने हे चित्र स्पष्ट केलं ते अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी. १९४१ साली त्यांचं 'द मास्क ऑफ सॅनिटी' हे पुस्तक आलं. नावातच सगळं आहे : शहाणपणाचा मुखवटा. क्लेक्लींनी वर्णन केलेली माणसं भेटल्यावर छाप पाडणारी, हुशार, मनमिळाऊ वाटत. त्यांच्यात काही बिघडलंय हे पहिल्या भेटीत कुणालाच जाणवत नसे. जाणवे ते नंतर, मागे राहिलेल्या नुकसानीवरून.

पुढे कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी सायकोपथी मोजण्यासाठी एक तपासणी यादी तयार केली. तिची सुधारित आवृत्ती १९९१ मध्ये आली. यादीत २० मुद्दे आहेत. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण. कमाल गुण ४० आणि उत्तर अमेरिकेत सहसा ३० किंवा त्याहून जास्त गुण असल्यास व्यक्तीला सायकोपॅथ मानतात. या यादीतला पहिलाच मुद्दा आहे, चुरचुरीत बोलणं आणि वरवरचा मोहकपणा. त्यानंतर स्वतःबद्दलच्या अवास्तव कल्पना, सराईत खोटं बोलणं, लोकांना खेळवणं, पश्चात्तापाचा अभाव, दुसऱ्याच्या जिवावर जगणं, जबाबदारी न घेणं असे मुद्दे येतात.

एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. 'सायकोपॅथ' हे मानसोपचारातलं अधिकृत निदान नाही. अमेरिकी वैद्यकीय पुस्तिकेत त्याच्या जवळचं निदान आहे ते 'समाजविरोधी व्यक्तिमत्त्व विकार'. हेअर यांची यादी वापरण्यासाठी प्रशिक्षण, सविस्तर मुलाखत आणि त्या व्यक्तीची जुनी कागदपत्रं लागतात. इन्स्टाग्रामवर फिरणाऱ्या 'तुमचा बॉस सायकोपॅथ आहे का? ७ प्रश्नांत ओळखा' या चाचणीचा तिच्याशी काही संबंध नाही.

शोभराज काय करायचा?

शोभराजला लांबून 'सायकोपॅथ' असं लेबल लावणं हा या लेखाचा हेतू नाही. पण त्याच्या वागण्याची नोंद इतकी तपशीलवार झाली आहे, की मोहकपणा शस्त्रासारखा कसा वापरला जातो हे त्यातून नीट समजतं.

१९४४ मध्ये सायगाव इथे त्याचा जन्म झाला. वडील भारतीय, आई व्हिएतनामी आणि नागरिकत्व फ्रेंच. अनेक भाषा बोलायचा, नीटनेटका राहायचा आणि ऐकून घेण्यात पटाईत होता. १९७५-७६ च्या सुमारास बँकॉकमध्ये तो रत्नांचा व्यापारी म्हणून वावरत होता. त्या काळी युरोप-अमेरिकेतले तरुण पाठीवर पिशवी टाकून आशियाभर भटकत. पैसे कमी, ओळखीचं कुणी नाही, घरी पत्र पोहोचायलाच आठवडे लागत. शोभराजने नेमकी हीच माणसं निवडली. त्याच्या पद्धतीत तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात.

पहिली, मदत करणं. नव्या शहरात आलेल्या पर्यटकाला तो स्वस्तात रत्नं मिळवून देण्याचं, राहायला जागा देण्याचं, शहर दाखवण्याचं आमिष दाखवायचा. आपलं घर त्यांना मोकळं करून द्यायचा.

दुसरी, अडचण स्वतः निर्माण करून ती सोडवणारा देवदूत बनणं. बँकॉकमध्ये एका फ्रेंच तरुणाला तो 'औषध' द्यायचा. त्या औषधानेच तरुण आजारी राहायचा आणि शोभराज त्याची काळजी घ्यायचा. रुग्णाला वाटे, हा नसता तर आपलं काय झालं असतं! कुणाचा पासपोर्ट, पैसे नाहीसे व्हायचे आणि मग हाच धीर द्यायला पुढे यायचा. उपकाराच्या ओझ्याखाली दबलेला माणूस शंका घेत नाही.

तिसरी, एकटं पाडणं. पासपोर्ट, पैसे आणि तब्येत या तिन्ही गोष्टी दुसऱ्याच्या ताब्यात गेल्या की माणूस जाणार कुठे?

१९७६ च्या जुलैमध्ये दिल्लीत हीच युक्ती अंगाशी आली. फ्रेंच विद्यार्थ्यांच्या एका गटाशी मैत्री करून त्याने त्यांना जुलाबावरच्या म्हणून गोळ्या वाटल्या. पण गोळ्यांचा अंमल अपेक्षेपेक्षा लवकर झाला आणि हॉटेलातच एकामागून एक जण कोसळू लागले. जे शुद्धीवर होते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी त्याला धरून ठेवलं.

तुरुंगातही तो बदलला नाही. तिहारमध्ये त्याने अधिकाऱ्यांशी संबंध जोडले, सवलती मिळवल्या, मुलाखती दिल्या. लेखकांना त्याने खुनांची सविस्तर हकिकत सांगितली आणि नंतर ती सरळ नाकारली. थायलंडमध्ये त्याच्यावर खुनाचे आरोप होते आणि तिथल्या वॉरंटची मुदत २० वर्षांची होती. शिक्षा संपत आली असताना तो पळाला, कारण पकडलं गेल्यावर भारतातली शिक्षा वाढेल आणि थायलंडच्या हवाली होण्याची वेळ टळेल, असं गणित त्यामागे असल्याचं मानलं जातं. घडलंही तसंच. १९९७ मध्ये तो सुटला तेव्हा ती मुदत संपली होती.

पॅरिसला जाऊन त्याने मुलाखतींसाठी पैसे आकारायला सुरुवात केली. २००३ मध्ये तो कारण नसताना नेपाळला गेला. १९७५ मधल्या दोन खुनांची प्रकरणं तिथे अजून उघडी होती. काठमांडूत तो ओळखला गेला, अटक झाली आणि २००४ मध्ये अमेरिकी तरुणी कॉनी जो ब्रॉन्झिच हिच्या खुनासाठी जन्मठेप झाली. दुसऱ्या खुनात २०१४ मध्ये दोषी ठरला. वय आणि प्रकृतीच्या कारणाने नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून डिसेंबर २०२२ मध्ये त्याला सोडण्यात आलं. किमान बारा खुनांचा संशय असलेल्या माणसाला शिक्षा झाली ती फक्त दोन खुनांची.

त्याला उघडं पाडण्यात मोठा वाटा होता हर्मन क्निपेनबर्ग या बँकॉकमधल्या तरुण डच अधिकाऱ्याचा. दोन डच पर्यटक बेपत्ता असल्याचं पत्र त्यांच्याकडे आलं. शोभराजला भेटून तो कसा वाटतो हे पाहण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. तारखा, पासपोर्ट, प्रवासाच्या नोंदी, दातांचे पुरावे जमवत गेले. मोहकपणाचा उपयोग माणसांवर होतो, कागदांवर होत नाही.

मोहकपणा आतून कसा चालतो?

इथे एक प्रश्न पडतो. ज्याला दुसऱ्याच्या भावना जाणवतच नाहीत, त्याला लोकांना खूश करणं इतकं छान कसं जमतं?

यासाठी सहानुभूतीचे दोन भाग समजून घ्यावे लागतात. एक, समोरचा काय विचार करतोय, त्याला काय हवंय हे डोक्याने ओळखणं. दुसरा, त्याचं दुःख पाहून स्वतःच्या पोटात कालवणं. बहुतेकांमध्ये हे दोन्ही बरोबर चालतं. सायकोपथीमध्ये पहिला भाग बऱ्यापैकी शाबूत असतो, दुसरा कमजोर असतो. म्हणजे तुमची दुखरी नस कुठे आहे हे त्याला कळतं, पण तिच्यावर बोट ठेवताना त्याला काही वाटत नाही.

नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात हे मेंदूच्या पातळीवर दिसलं. सायकोपथी असलेल्या गुन्हेगारांना दोन हातांमधल्या स्पर्शाच्या चित्रफिती दाखवल्या. काही प्रेमळ, काही वेदना देणाऱ्या. नुसतं पाहायला सांगितलं तेव्हा त्यांच्या मेंदूतल्या सहवेदनेशी निगडित भागांची हालचाल इतरांपेक्षा कमी होती. मग त्यांना सांगितलं, 'समोरच्याला काय वाटत असेल ते अनुभवायचा प्रयत्न करा.' तेव्हा हा फरक बराच कमी झाला. म्हणजे सहवेदना अगदीच नसते असं नाही, ती आपोआप सुरू होत नाही. गरज पडली तर बटण दाबून लावता येते. मोहक वागणं आणि थंडपणा एकाच माणसात कसे राहतात, याचं उत्तर इथे काही प्रमाणात मिळतं.

शिवाय भीती आणि लाज कमी असल्याचा फायदा मिळतो. साधा माणूस अनोळखी लोकांसमोर चाचरतो, खोटं बोलताना अडखळतो, पकडलं गेल्यावर लाल होतो. ज्याला ही धास्तीच नाही, तो निवांत असतो. आणि निवांतपणाला आपण आत्मविश्वास समजतो.

शिरोड्याचा 'होणारा नवरा'

शोभराज पंचतारांकित हॉटेलांत वावरणारा होता. पण मोहकपणाला सूट-बूट आणि फ्रेंच भाषा लागते असं नाही. गोव्यातलंच दुसरं प्रकरण याचं उदाहरण आहे.

फोंडा तालुक्यातल्या शिरोडा भागात राहणाऱ्या महानंद नाईकला एप्रिल २००९ मध्ये अटक झाली. एका बेपत्ता तरुणीच्या तपासातून पोलीस त्याच्यापर्यंत पोहोचले होते. चौकशी पुढे सरकली तसतशी १९९४ पासूनची प्रकरणं बाहेर येत गेली आणि त्याच्यावर १६ महिलांच्या खुनाचे आरोप ठेवण्यात आले. दुपट्ट्याने गळा आवळण्याच्या पद्धतीवरून वृत्तपत्रांनी त्याला 'दुपट्टा किलर' म्हटलं. काही खटल्यांत पुराव्याअभावी त्याची सुटका झाली, तर काहींत दोष सिद्ध होऊन जन्मठेप झाली.

तपासात समोर आलेली पद्धत साधी होती. अविवाहित, बऱ्याचदा गरीब घरातली मुलगी हेरायची. ओळख वाढवायची, लग्नाचं वचन द्यायचं. मग एके दिवशी घरच्यांना भेटायला चल म्हणायचं. सासरच्यांना पहिल्यांदा भेटायचं म्हणून मुलगी आपले दागिने घालून निघायची. ती परत यायची नाही. प्रत्यक्षात नाईक आधीच विवाहित होता.

या प्रकरणातली अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे पंधरा वर्षांचा काळ. मुली नाहीशा होत होत्या, तरी धागा जुळत नव्हता. मुलगी पळून जाऊन लग्न करून बसली असेल, असा समज अनेक घरांत झाला. बदनामीच्या भीतीने शोध मंदावला. मोहक माणूस एकट्या व्यक्तीला फसवतो हे खरं, पण तो लपून राहतो ते आजूबाजूच्यांच्या गप्प बसण्यामुळे.

'देवमाणूस' मालिका पाहिलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. २०२० मध्ये झी मराठीवर सुरू झालेल्या या मालिकेची प्रेरणा म्हणून साताऱ्याच्या वाई तालुक्यातल्या धोम इथल्या प्रकरणाचं नाव घेतलं जातं. तिथे २०१६ मध्ये, डॉक्टर म्हणून वावरणाऱ्या एकाला सहा खुनांच्या आरोपाखाली अटक झाली होती. खरं-खोटं ठरवणं न्यायालयाचं काम आहे. पण मालिकेचं नावच पुरेसं बोलकं आहे. गावाने ज्याला देवमाणूस मानलं, त्याच्यावर संशय घ्यायचा कुणी?

सगळे सायकोपॅथ खुनी असतात का?

नाही. हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. सर्वसाधारण लोकसंख्येत सुमारे १ टक्का लोकांमध्ये सायकोपथीची ठळक लक्षणं असावीत, असा संशोधकांचा ढोबळ अंदाज आहे. कोणती कसोटी वापरली त्यानुसार आकडा थोडा बदलतो. तुरुंगांमध्ये हे प्रमाण बरंच जास्त असतं. पण बहुतेक जण कधी कुणाचा खून करत नाहीत. ते आपल्यातच राहतात, नोकरी करतात, संसार करतात, समारंभात भाषण करतात.

हेअर आणि पॉल बॅबियाक यांनी २००६ मध्ये 'स्नेक्स इन सूट्स' हे पुस्तक लिहिलं ते अशा ऑफिसातल्या माणसांवर. त्यांच्या मांडणीनुसार असा माणूस नव्या ठिकाणी आला की आधी पाहणी करतो : कुणाच्या हातात सत्ता आहे, कुणाचा उपयोग होईल, कोण बिनकामाचं. मग वरच्यांना खूश ठेवतो, सोबतच्यांना वापरतो आणि उपयोग संपलेल्यांना दूर सारतो. त्यामुळे एकाच माणसाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात. साहेब म्हणतात, 'काय हुशार पोरगा आहे!' हाताखालचे म्हणतात, 'देवा, याच्यापासून वाचव.'

मालगुंडसारख्या गावात हे कुठे दिसेल?

रत्नागिरी जिल्ह्यातलं मालगुंड म्हणजे कवी केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचं स्मारक तिथे आहे. गणपतीपुळ्याला लागून असल्याने वर्षभर पर्यटक येतात आणि 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' हा या पट्ट्यातल्या अनेक घरांचा आधार आहे. अशा ठिकाणी अनोळखी माणसाला घरात घेणं हाच धंदा असतो. सरसकट संशय घेऊन चालणार नाही आणि डोळे मिटूनही चालणार नाही.

कोकणात आणखी दोन गोष्टी आहेत. अनेक घरांतली तरुण मंडळी मुंबई-पुण्याला, गावात म्हातारे आई-वडील. आणि जमीन, जिचे हिस्सेदार चार शहरांत विखुरलेले. अशा घरात एखादा लाघवी माणूस शिरला तर काय होऊ शकतं, हे समजायला मोठी कल्पनाशक्ती लागत नाही. आधी काकांची औषधं आणून देणार, वीजबिल भरणार, गणपतीत मखर बांधायला येणार. घरच्यांना हायसं वाटणार. मग हळूच सातबाऱ्याची चौकशी, बँकेच्या कामासाठी सही, एखादं कुलमुखत्यारपत्र. कुणी विचारलंच तर डोळ्यांत पाणी आणून, 'मी मुलासारखं केलं आणि तुम्ही संशय घेता?'

शंभरातली नव्याण्णव माणसं खरंच आपुलकीने मदत करत असतात. त्यांच्यावर संशय घेणं म्हणजे गावपणच संपवणं. म्हणून माणूस कसा वाटतो यावर अवलंबून न राहता व्यवहाराचे नियम सगळ्यांसाठी सारखे ठेवणं, हा त्यातल्या त्यात चांगला उपाय. प्रत्येक पाहुण्याचं ओळखपत्र घ्यायचं. परदेशी पाहुणा असेल तर २४ तासांत आवश्यक ती नोंद करायची. जमिनीच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाने तो वाचायचा. चांगल्या माणसाला या नियमांचा राग येत नाही.

आपण का फसतो?

फसवणूक झालेल्याला पहिला टोमणा मिळतो, 'एवढं शिकून कळलं कसं नाही?' पण फसण्याचा शिक्षणाशी फारसा संबंध नाही.

पहिलं कारण, आपला मेंदू एका चांगल्या गुणावरून बाकीचे गुण गृहीत धरतो. छान बोलतो म्हणजे प्रामाणिकही असेल. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्ये याला 'हेलो इफेक्ट' असं नाव दिलं.

दुसरं कारण, खोटं ओळखण्यात आपण सगळेच कच्चे आहोत. २००६ मध्ये बाँड आणि डीपाउलो यांनी जुन्या शेकडो प्रयोगांचा एकत्र अभ्यास केला. लोक सरासरी ५४ टक्के वेळा खरं-खोटं बरोबर ओळखतात असं निघालं. नाणं उडवलं तरी ५० टक्के येतं. 'नजर चुकवली म्हणजे खोटं' हा नियम तर सराईत माणसापुढे कुचकामी आहे, तो डोळ्याला डोळा भिडवूनच खोटं बोलतो.

तिसरं कारण, विश्वास ठेवणं हीच आपली मूळ सवय आहे. प्रत्येक रिक्षावाल्यावर, दुकानदारावर, डॉक्टरवर शंका घेत बसलो तर समाज चालणारच नाही. सायकोपॅथ याच चांगल्या सवयीवर जगतो. फसणं हा मूर्खपणा नाही. हे वाक्य फसलेल्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं, कारण शरमेमुळेच तो तक्रार करायला जात नाही.

सावध कधी व्हायचं?

एकेक खूण घेऊन कुणावर शिक्का मारता येत नाही. पण पुढच्या गोष्टी एकत्र आणि वारंवार दिसल्या तर थांबून विचार करावा.

• अति वेग. ओळख होऊन आठवडा झाला नाही तोवर 'तुझ्यासारखं कुणी भेटलंच नाही', लग्नाच्या, भागीदारीच्या गोष्टी. खऱ्या नात्याला वेळ चालतो, डाव टाकणाऱ्याला घाई असते.

• तुमचा आरसा. तुमच्या आवडी, तुमचे विचार, तुमची दुःखं सगळी नेमकी त्याचीही. दुसऱ्या माणसासमोर मात्र तो वेगळाच.

• प्रत्येक गोष्टीत तोच बिचारा. जुनी बायको वाईट, जुना मालक वाईट, भाऊ वाईट. चूक कधीच त्याची नाही.

• माफी छान, वागणं तेच. शब्द, अश्रू, भेटवस्तू सगळं वेळेवर. पुढच्या महिन्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

• वर गोड, खाली कडू. तुमच्याशी कसा वागतो यापेक्षा ज्यांच्याकडून त्याला काही मिळणार नाही त्यांच्याशी, म्हणजे वेटर, वॉचमन, घरकाम करणाऱ्या मावशींशी कसा वागतो ते पाहावं.

• तुमची माणसं तोडणं. 'तुझी बहीण जळते तुझ्यावर', 'हे आपल्यातच ठेव.' गुपितं वाढली आणि माणसं कमी झाली की धोका जवळ आला.

• 'नाही'ची चाचणी. एखादी छोटी गोष्ट नाकारून पाहावी. साधा माणूस थोडा हिरमुसतो आणि विसरतो. दुसऱ्या प्रकारचा माणूस त्या 'नाही'चं 'हो' होईपर्यंत सोडत नाही.

मग करायचं काय?

माणूस वाचण्यापेक्षा माहिती तपासावी. लग्नस्थळ असेल तर नोकरीच्या ठिकाणी, गावात, पूर्वीच्या शेजारी चौकशी करावी. जुन्या पिढीची ही पद्धत मॅट्रिमोनी साइटच्या काळातही तितकीच उपयोगी आहे. पहिल्या काही भेटी सार्वजनिक ठिकाणी ठेवाव्यात आणि कुठे, कुणाबरोबर जातोय हे घरात किंवा मैत्रिणीला सांगून जावं. पैसे, दागिने, ओटीपी, सह्या या गोष्टी भावनेच्या भरात देऊ नयेत. निर्णयाला एक दिवस घ्यावा.

अशा माणसाच्या कचाट्यात सापडल्याचं जाणवलं तर त्याला सुधारायचा किंवा 'तू सायकोपॅथ आहेस' असं तोंडावर सुनावण्याचा प्रयत्न करू नये. त्यातून तो फक्त आणखी सावध होतो. शांतपणे मेसेज, व्यवहाराच्या पावत्या, तारखा जपून ठेवाव्यात, विश्वासातल्या माणसाला सांगावं आणि अंतर वाढवावं. मारहाणीची भीती असेल तर बाहेर पडण्याचा बेत आधी ठरवून, कुणाच्या तरी मदतीनेच बाहेर पडावं.

कायद्याचीही मदत आहे. लग्नाचं खोटं वचन देऊन शरीरसंबंध ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ६९ खाली गुन्हा आहे आणि त्याला १० वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. फसवणुकीसाठी कलम ३१८ आहे. हद्दीचं कारण सांगून पोलीस परत पाठवत असतील तर कोणत्याही ठाण्यात 'झीरो एफआयआर' नोंदवता येतो. कुणी बेपत्ता असेल तर 'लोक काय म्हणतील' याचा विचार न करता लगेच तक्रार द्यावी. तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१, ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० आणि मानसिक आधारासाठी टेली-मानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत.

शेवटी, शिक्का मारण्याआधी

सोशल मीडियावर आता ब्रेकअप झालेला प्रत्येक जण 'सायकोपॅथ' आणि कडक बोलणारा प्रत्येक बॉस 'नार्सिसिस्ट' असतो. यात दोन तोटे आहेत. ज्याने फक्त चूक केली त्याच्यावर कायमचा डाग बसतो आणि खऱ्या धोक्याचा शब्द बोथट होतो. मोहक असणं हा दोष नाही. मनापासून गोड बोलणारी, माणसं जोडणारी माणसं आपल्या सगळ्यांच्या आयुष्यात असतात आणि त्यांच्यामुळे दिवस सोपे जातात.

समोरचा सायकोपॅथ आहे की नाही, हे आपल्याला ठरवायचंच नाही. ते तज्ज्ञांचं काम. आपल्याला एवढंच पाहायचं आहे की त्याचं बोलणं आणि त्याची कृती जुळते का, आणि त्याच्या सहवासात आपण मोकळे होतोय की आक्रसत चाललोय. 'दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं' ही म्हण आपल्या आजीलाही ठाऊक होती. तिने क्लेक्ली वाचला नव्हता, पण मुखवट्याची कल्पना तिला होती.